बी तपकिरी झाली की

पहाटे ३.५०

पिकअप बांधाशी येऊन थांबते. मागच्या फाळक्याची साखळी सुटते आणि एकेक बाई खाली उतरते. २८ जणी आहेत. ननाशी, पेठकडच्या पाड्यांवरून त्या दोन-अडीचला निघाल्यात. डोक्याला स्कार्फ, त्यावर कानटोपी, साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, पायात गमबूट. हातात डब्याची पिशवी. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. दिंडोरी तालुक्यातल्या या उतारावर पारा ११ अंशांवर आहे.

बांधावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा आहे. वायनरीत सगळे त्याला मामा म्हणतात. वय पन्नाशीच्या आसपास. नखांच्या कडा काळ्या-जांभळ्या झालेल्या, त्या आता मे महिन्यापर्यंत निघायच्या नाहीत. ही बाग लागली तेव्हा खड्डे खणायला तो रोजंदारीवर आला होता. आता तळघरातली टाक्या-पिंपं तो बघतो. हंगामात मात्र पहाटे बागेत असतोच.

“वरच्या तुकड्यात जायचंय. मर्लो. खालच्या ओळींना हात लावू नका,” तो म्हणतो.

पहाटे ४.२०

कपाळावरचे दिवे लागतात. असा एक दिवा दीडशे रुपयांना मिळतो, वायनरी देते. हरवला तर मात्र हजेरीतून कापतात. कात्र्याही वायनरीच्याच. बोथट टोकाच्या, म्हणजे अंधारात बोट कापलं तरी खोल जात नाही. ओळीच्या दोन्ही बाजूंना दोघी-दोघी. डावा हात घडाखाली, उजव्या हाताने देठ कापायचा, घड उलटसुलट करून दिव्यात बघायचा, सडका मणी दिसला तर कात्रीच्या टोकाने उडवायचा, मग क्रेटमध्ये ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा.

या बायकांनी याआधी निर्यातीच्या द्राक्षांचं काम केलंय. तिथे थॉमसनच्या घडाला बोट लागलेलं चालत नाही, मण्यावरचा पांढरा थर पुसला तर माल बाजूला जातो. मणी १८ मिलिमीटरचा हवा, घड देखणा हवा. इथे उलट आहे. मर्लो ही वाइनची जात, तिचा मणी बारीकच बरा. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो. मणी जितका लहान तितकं रसाच्या मानाने साल जास्त.

क्रेट २० किलोचा आहे, पण १५ किलोवर थांबायचं. वर भरलं की तळाचे मणी चिरडतात, रस सुटतो आणि तो वायनरीत पोचायच्या आत आंबायला लागतो. “पूर्वी खच्चून भरायचो,” मामा सांगतो. “ट्रॉलीत क्रेटवर क्रेट, खालून रस गळायचा. रस्त्याभर माश्या. वाटायचं, रसच तर काढायचाय, गळला काय न गळला काय.”

पहाटे ५.३०

मामा ओळीच्या मधोमध थांबतो. तीन वेलींवरून तीन घड निवडतो. वरचा, मधला, खालचा असा एकेक मणी तोडून तोंडात टाकतो. गर गिळतो. साल दाढेखाली चावत राहतो. मग बी जिभेवर घेऊन तळहातावर थुंकतो आणि बॅटरी धरतो.

बी तपकिरी आहे. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी. तो तीच बी परत तोंडात टाकून फोडतो. कट्ट आवाज येतो.

“ही बघा. हिरवी असती तर फुटली नसती, चिवट लागली असती. आणि तोंड कडू झालं असतं दोन तास.”

खिशात रिफ्रॅक्टोमीटर आहेच. काचेवर रसाचा थेंब, डोळा लावायचा, आकडा वाचायचा: २३.६ ब्रिक्स. म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण साडेतेवीस ग्रॅम साखर. सुरुवातीची कितीतरी वर्षं इथे फक्त हा आकडा बघून तोडणी व्हायची. साखर भरली की कात्री. आणि मर्लोची साखर या भागात फार लवकर भरते.

त्याचं कारण हवेत आहे. फ्रान्समधल्या बोर्दोत, जिथली ही जात, तिथे द्राक्ष पिकताना दिवस लहान होत जातात आणि हवा गार होत जाते. नाशकात वेल थंडीत झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. घड पिकतात जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे दिवस वाढत असताना, दुपारचं ऊन चढत असताना. साखर पळत सुटते. साल आणि बी मागे राहतात. मर्लो मुळातच कॅबर्ने या दुसऱ्या लाल जातीच्या आधी, आठवडा-दोन आठवडे अगोदर पिकणारी, तिचं हे अंतर आणखीच जाणवतं. साखर बघून तोडलेल्या त्या मालाची वाइन दारूच्या टक्क्याला चढी आणि चवीला हिरवी व्हायची. ढोबळ्या मिरचीचा वास यायचा. गिऱ्हाईक बाटली परत करायचं नाही, पण दुसऱ्यांदा घ्यायचंही नाही.

म्हणून आता बी चावतात. साखर थोडी पुढे गेली तरी चालते, बी हिरवी चालत नाही.

सकाळी ६.४५

उजाडलं. रामशेज किल्ल्याचा कातळ उजळलाय. आता बाग नीट दिसते. ओळी उत्तर-दक्षिण. तारांवर उभी वाढवलेली वेल, खाली ओलांडा, त्यावर गुडघ्याच्या वर एका रेषेत घड. मर्लोचा घड सैल असतो, लांबट, खांद्याला एखादं छोटं पिलू लटकलेलं. मणी काळे-निळे. पक्ष्यांची जाळी काल संध्याकाळीच गुंडाळून ओळीच्या टोकाला ठेवलीय. जाळी नसेल तर बुलबुल आणि मैना चार दिवसांत कडेच्या ओळी रिकाम्या करतात.

पूर्वेकडून बघितलं तर घड उघडे दिसतात. पश्चिमेकडून पानांत झाकलेले. फ्रान्समधून आलेल्या सल्लागाराच्या कागदावर दोन्ही बाजूंची पानं काढा असं असतं, तिथे ऊन कमी. इथे पहिल्या वर्षी तसं केलं आणि पश्चिमेकडचे मणी दुपारच्या उन्हात करपून मनुका झाले. तेव्हापासून पानं फक्त सकाळच्या बाजूची निघतात. कोवळं ऊन आत, भाजणारं ऊन बाहेर. एकरभर पानं काढायला बायका लागतात आणि ते काम मजुरीच्या खर्चात सगळ्यांत जास्त टोचतं, कारण त्यातून एक किलोही माल वाढत नाही.

माल कमी करायची गोष्ट त्याहून अवघड होती. नाशिकचा द्राक्षवाला एकरी टन मोजत वाढलेला. या बागेतही सुरुवातीला एकरी आठ-आठ टन मर्लो काढली गेली. वाइन पातळ, गुलाबी. मग एका वर्षी ठरलं, मण्यांना रंग भरताना जे घड मागे राहिलेत ते कापून खाली टाकायचे.

“हातात कात्री, आणि हात चालेना,” मामा म्हणतो. “वर्षभर भुरी, डावणी, औषधं, खतं. आणि भरला घड कापून मातीत. माझा बाप बांधावर येऊन उभा होता, काही बोलला नाही, निघून गेला. आता मीच कापतो. चार टनांवर येतो आम्ही. पण तो दिवस मला अजून दिसतो.”

सकाळी ८.००

ट्रॅक्टरची तिसरी खेप. वायनरीच्या मागच्या फरशीवर वजनकाटा. पोरं क्रेट उतरवतात, चार-चारची थप्पी काट्यावर चढवतात, वही भरते. सेलरची ही पोरं हंगामापुरती, रोज साडेपाचशेवर. मालाचं तापमान घेतलं जातं: १४ अंश. रात्री तोडल्याचा हा फायदा. दुपारी तोडलेला माल तिशीत येतो आणि तो थंड करायला चिलर तासन् तास चालवावा लागतो. विजेचं बिल आणि बायकांची झोप, यातलं एक द्यावंच लागतं.

निवडीच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन जणी. पट्टा हळू सरकतो. पानं, सुकलेले मणी, एखादा गोगलगाईचा शंख, सगळं बाजूला. पुढे डिस्टेमर. यंत्राच्या पोटात पिंजरा फिरतो, मणी भोकांतून खाली पडतात, देठांचा सांगाडा दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. मामा मुठीत देठ घेऊन बघतो. हिरवे आहेत, पण मऊ नाहीत. पिंजऱ्याची गती त्याने एका खुणेने कमी केली. जोरात फिरवलं की देठ तुटतात, तुकडे रसात जातात आणि वाइनला कडवट चव देतात.

सकाळी ९.३०

न्याहारी. बायका लिंबाच्या झाडाखाली. नागलीची भाकर, सुक्या मिरचीचा ठेचा, एकीकडे बोंबील. वायनरीकडून चहा. हजेरी साडेतीनशे रुपये. क्रेट उचलून ट्रॅक्टरपर्यंत नेणाऱ्या गड्यांना साडेचारशे. पिकअपचं भाडं मुकादम घेतो, ते वेगळं. टोळीतली एक जण, विशीतली, विचारते, “ह्या द्राक्षाची दारू कोण पितं?”

“मुंबई-पुण्याची माणसं,” दुसरी सांगते.

“गोड असती का?”

“नाही गं. तुरट.”

ती क्रेटमधला एक मणी तोंडात टाकते. तिला आवडतो.

सकाळी १०.३०

मामा हात वर करतो. थांबा. ऊन चढलं, मणी हाताला कोमट लागतो. ओळीत अजून माल आहे, तो उद्या. काट्यावरची बेरीज साडेपाच टन.

सकाळी ११.१५

साडेसात हजार लिटरची स्टीलची टाकी. तीत आता साल, गर, रस आणि बिया. पाव टाकी मुद्दाम रिकामी, कारण आंबायला लागलं की साली वर फुगून येतात. अर्धा किलो पोटॅशियम मेटाबायसल्फाइट बादलीत विरघळवून ओततात. नको ते जंतू दबून राहतात. टाकीच्या कोटातून थंड ग्लायकॉल फिरायला लागतं. पुढचे तीन दिवस या मालाला दहा अंशांवर नुसतं भिजत ठेवायचं. रंग आणि फळाचा वास पाण्यात उतरतो, बीचा कडूपणा उतरत नाही. त्याला अल्कोहोल लागतं. पहिल्या वर्षांत हे भिजवणं नव्हतं. सकाळी माल आला की दुपारी यीस्ट, रात्री टाकी उकळल्यासारखी. एका हंगामात तापमान ३५ च्या वर गेलं आणि यीस्ट मेलं. साखर तशीच राहिली. ती टाकी कशीबशी वाचली, पण वाइनला शिजलेल्या जांभळाचा वास आला.

सगळं नीट झालं तर या टाकीतून ३,७०० लिटरच्या आसपास वाइन निघेल. पाच हजार बाटल्यांच्या जवळपास.

दुपारी १.३०

जेवण. मामा पोत्यावर आडवा होतो, वीस मिनिटं.

दुपारी २.१५

प्रयोगशाळा म्हणजे टाक्यांच्या हॉलशेजारची दहा बाय बाराची खोली. पीएच मीटर, ब्युरेट, बेसिन. वाइनमेकर मॅडम तिशीतल्या आहेत, नाशिकच्याच. गेल्या वर्षीची मर्लो पिंपांत आहे, ती बाटलीत कशी भरायची ते आज ठरवायचंय. त्याआधी त्यांनी जुन्या बाटल्या उघडल्यात. “मामा, या. तुमच्याशिवाय नाही होणार.”

पहिली बाटली २०१० च्या तोडणीची. कडेला विटकरी रंग. मामा वास घेऊन मान हलवतो. आदल्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं होतं. वेली फुलोऱ्यात, वर पाऊस, आणि डावणी रोगाने घडच्या घड जळाले. उरलं त्याची ही वाइन. लाकडाचा वास मोठा, फळ कुठेच नाही. तेव्हा नवीन पिंपं आणली होती. महाग गोष्ट आणली तर ती चवीत दिसली पाहिजे असं सगळ्यांनाच वाटायचं.

ती वर्षं सगळ्या नाशकाचीच शिकायची वर्षं होती. नारायणगावच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात रस्ता दाखवला होता. राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियाच्या केरी डॅमस्कींना घेऊन सुला उभी केली, तिची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झाला, आणि गावोगाव वायनऱ्या उभ्या राहिल्या. सुलाची ‘सातोरी’ मर्लोच्या नावाने आली, पुढे तीत माल्बेकची जोड दिसू लागली. घोटी-इगतपुरीकडे मुकणे धरणाजवळच्या व्हॅलोनेने मर्लो स्वतंत्र बाटलीत भरली. अकलूजला फ्रातेल्लीने इटलीच्या पिएरो मासींच्या हाताखाली सोलापूरच्या उन्हात लाल जाती लावल्या. मर्लोला एकटं उभं करायचं की दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर हात ठेवायला लावायचा, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला.

मग २००९-१० ची मंदी. इंडाज कोसळली. वायनरीने माल उचलला नाही म्हणून शेजारच्या बागेत मर्लोवर कुऱ्हाड पडली, त्याच खुंटांवर थॉमसनचं कलम बांधलं गेलं. मामा त्या बागेकडे बोट दाखवतो. खिडकीतून मांडव दिसतो.

दुसरी बाटली २०१४ ची. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. ही मर्लो गारांच्या आधी घाईने तोडलेली. वास येताच मॅडम हसून म्हणतात, “ढोबळी मिरची.” मामाही हसतो. पण मला ती बाटली आवडली. तिच्यात एक ताठपणा होता. माणसांनी आभाळाकडे बघत, माल वाचवायला धावाधाव करत केलेली ती वाइन आहे आणि ते तिच्या चवीत आहे असं मला ठामपणे वाटतं.

तिसरी २०२० ची. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबेना, मार्चमध्ये टाळेबंदी. पोरं घरी जाऊ शकली नाहीत, वायनरीतच राहिली. टाक्यांजवळ माणसं दिवसरात्र होती, साली दिवसातून चारदा हाताने दाबल्या गेल्या. वाइन मऊ आहे. काळी मनुका, थोडी कोको.

चौथी दोन वर्षांपूर्वीची. इथे फरक एकदम कळतो. आलुबुखारचा वास आधी येतो, लाकूड मागे आहे, शोधलं तर सापडतं. तुरटपणा जिभेच्या कडांना लागतो आणि सुटतो. मॅडम वही उघडून दाखवतात. नव्या पिंपांचं प्रमाण पाचात एकावर आणलंय. उरलेली वाइन तीन-चार वर्षं वापरलेल्या पिंपांत. एका फ्रेंच पिंपाला जकात-वाहतुकीसकट लाखाच्या घरात पैसे जातात, २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. “नवीन लाकूड कमी केल्यावर पैसेही वाचले आणि मर्लोही दिसायला लागली,” त्या म्हणतात. आम्ल मात्र अजून वरून घालावं लागतं. आपल्या उन्हात रसातलं आम्ल उतरतं आणि टार्टरिकशिवाय वाइन सपाट लागते. बूचही गेलं, आता फिरकीचं झाकण आहे. आपल्याकडच्या दुकानांत बाटली उन्हात उभी असते. बूच सुकतं, हवा आत शिरते.

आता गेल्या वर्षीची. मेजरिंग सिलिंडरमध्ये मर्लो ९०, कॅबर्ने १०. मग ९५ आणि ५. मग नुसती मर्लो. मामा तिन्ही थुंकतो, तिसऱ्या ग्लासवर बोट ठेवतो.

“हिला कोणाची गरज नाही.”

मॅडम पुन्हा चाखतात. बराच वेळ घेतात. वहीत लिहितात: १००.

दुपारी ४.००

आधी तोडलेल्या तुकड्यातली मर्लो बारा दिवस सालींवर होती. आज ती टाकी रिकामी करायची. वाइन सकाळीच खालच्या नळाने दुसऱ्या टाकीत घेतलीय. आत उरला टनभर चोथा. टाकीच्या बुडाशी दोन फुटांचं दार आहे. त्यातून माणसाने आत शिरून चोथा ओढून काढायचा. याला यंत्र आहे, पण ते मोठ्या वायनऱ्यांकडे.

दार उघडून तासभर पंखा लावलेला होता. आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. त्याला रंग नाही. माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेलाही. मामा मीटर दोरीने आत सोडतो, वाचतो, परत सोडतो. मगच पोरगा आत जातो. कमरेला दोरी, दोरीचं टोक मामाच्या मनगटाला. जोवर पोरगा आत, तोवर मामा दारासमोरून हलत नाही. फोन वाजतो, उचलत नाही.

आतून प्लास्टिकच्या फावड्याचा खरवडण्याचा आवाज. दारातून जांभळा चोथा घमेल्यात पडतो. घमेलं भरलं की दुसरा पोरगा ते प्रेसमध्ये रिकामं करतो. दहा मिनिटांनी आतला बाहेर येतो, गुडघ्यापर्यंत रंगलेला, घामाने भिजलेला, पाणी पितो. दुसरा आत जातो. अदलाबदल करत सव्वा तास.

संध्याकाळी ५.४५

प्रेस म्हणजे आडवा पिंजरा, आत रबरी पिशवी. पिशवीत हवा भरते, चोथा जाळीवर दाबला जातो. आधी येते ती वाइन मऊ, शेवटी येते ती कडक. पूर्वी शेवटच्या थेंबापर्यंत दाबायचे आणि सगळं एकत्र करायचे. आता मामा ग्लास घेऊन पन्हळीशी बसतो. दर पाच मिनिटांनी चाखतो. एका क्षणी म्हणतो, “बस. इथून वेगळं.” नळी दुसऱ्या कॅनमध्ये जाते. ही वाइन मर्लोच्या बाटलीत जाणार नाही, स्वस्तातल्या मिश्र लालमध्ये जाईल. दीडशे लिटर असेल. मर्लोच्या लेबलवर किंमत साडेनऊशे आहे, मिश्र लालवर त्याच्या निम्मी. मामाच्या त्या एका ‘बस’ची किंमत कोणीही गुणाकार करून काढू शकतं. मालकाने एकदा काढली होती, तरी मामाला अडवलं नाही.

सुकलेला चोथा ढिगावर जातो. शेणात मिसळून पावसाळ्याआधी तो परत याच बागेत पडेल.

संध्याकाळी ७.००

मामा मुकादमाला फोन लावतो.

“भाऊ, उद्या चाळीस माणूस लागल. वरचा तुकडा संपवायचा, बी तयार झालीय, परवा ढग सांगितलेत.”

पलीकडून मुकादम सांगतो, चाळीस म्हणजे दोन गाड्या. आणि निर्यातीवाल्यांनी हजेरी चारशे केलीय, बाया तिकडे वळतायत.

मामा फोनवर हात ठेवून मॅडमकडे बघतो. मॅडम ऑफिसात जातात, पाच मिनिटांनी बाहेर येऊन मान डोलावतात.

“चारशे देतो,” मामा सांगतो. “पण आजच्याच बाया पाठव. नव्यांना सडका मणी दिसत नाही अंधारात. आणि साडेतीनला बांधावर पाहिजेत.”

“आजच्यांना बी चारशे धरा मग.”

“धरतो. पाठव.”

तो फोन ठेवतो आणि आजच्या हजेरीच्या वहीत २८ नावांपुढचे साडेतीनशेचे आकडे एकेक करून खोडायला लागतो.